वैजीनाथची टेप आणि खंडेनवमीची साखर

बोरीच्या बन्सीधर कनकुट्यांच्या विहिरीवर एक ऑइल इंजिन होतं. ते आपल्या मर्जीनं चालायचं आणि आपल्या मर्जीनं बंद पडायचं. बंद पडलं की बन्सीधर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, पान्यानं दोन टोले हाणायचे आणि लिंबाखाली जाऊन बसायचे. मग त्यांचा थोरला, वैजीनाथ, पुढं व्हायचा. तो इंजिनाशी भांडत नसे. एक नट सैल करायचा, हॅन्डल मारून बघायचा. नाही चाललं तर तो नट होता तसा आवळून मगच दुसऱ्याला हात लावायचा. बाप लिंबाखालून ओरडायचा की सगळं एकदाच खोल, दिवस मावळायला आला. पण दोन नट एकदम हलवले तर गुण कशानं आला ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय वैजीनाथला जेवण गोड लागत नसे.

माय बायनाबाई लग्नानंतर कित्येक साल ऊसतोडीला गेलेली. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिचा कोयता खुंटीला लागला. तरी दर खंडेनवमीला ती तो उतरवायची, राखेनं घासायची, हळदकुंकू वाहायची आणि गोडाचा घास त्याच्या पात्याला लावायची. ज्यानं आपल्याला खाऊ घातलं त्याला आधी घास, मग आपण, अशी तिची रीत. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या आधी तिनं कधी पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाही.

वैजीनाथ परभणीला राहून बी. कॉम. झाला, टायपिंग शिकला, आणि सोनपेठच्या वाटेवर बेलवाडीला बेलेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा काट्यावर कारकून म्हणून लागला. गाडी आली की वजन लिहायचं, पावती फाडायची, पुढची गाडी. पाचसहा हंगाम असेच गेले असतील. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला हात लावायला कोणी तयार होईना. बिघडला तर पगारातून कापतील अशी हूल कोणीतरी उठवली होती. कारखान्याचे एम. डी. आबासाहेब यांनी वैजीनाथला बोलावलं आणि विचारलं, "भीती वाटती का?" वैजीनाथ म्हणाला, वाटते, पण उघडून बघायला मिळालं तर जाईल. आबासाहेबांनी त्याला शिकायला औरंगाबादला धाडून दिलं.

तो परतला तेव्हा त्याच्यासाठी एक खोली तयार होती. खिडक्यांना पडदे, थंड हवेचं यंत्र, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून दाराबाहेर चपला काढायच्या. त्या खोलीत सगळ्या सभासदांचा ऊस होता. म्हणजे कुणाचं रान किती, ऊस कोणत्या जातीचा, कोणत्या दिवशी लावला, आडसाली लागण की जुन्या बुडख्यांवर फुटलेला खोडवा, हे सगळं. त्यावरून मशिन तोडणीच्या पाळ्या लावायचं. ज्याचा ऊस आधी लागला त्याच्याकडं टोळी आधी. पूर्वी हे काम शेतकी ऑफिसातले बडे बाबू किशनराव करायचे, आणि पाळी पुढं सरकवून घ्यायला लोक त्यांच्या घरी भोपळे, शेंगा, तुपाचं गाडगं घेऊन यायचे. किशनराव कुणाचं ऐकायचे नाहीत, हे खरं; पण भोपळे यायचे तेही खरं. मशिन आल्यापासून कोणी भोपळा आणीना. किशनराव त्या खोलीला "शीतगृह" म्हणायचे आणि दारावरून जाताना आत न बघता खाकरायचे.

त्या साली दिवाळीच्या आधी मशिनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायचं ठरलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशिनचा कारभारी. कुठली वस्तू कुठं ठेवली, कुणाला काय द्यायचं, हे तो बघतो. जुना कारभारी थकला होता, सभासद वाढले तसा अडखळायला लागला होता. नवा घालायचा तर आतलं सगळं पुसावं लागणार होतं. म्हणून वैजीनाथनं आधी सगळा ऊस टेपेवर उतरवून घेतला. पानपुड्याएवढी टेप, मशिनच्या पोटाशी असलेल्या फटीतून आत सारायची; ती सूं करत फिरते आणि सगळं तिच्यावर उतरतं. दोन कोऱ्या टेपा मागवल्या होत्या, त्यांतली एकच आली होती. एका जुन्या टेपेवर काट्याचा हिशेब होता, ती मोडता येत नव्हती. तेव्हा उसाची टेप ती एकच. त्यानं ती उतरवली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं.

आता नवा कारभारी कोणत्या दिवशी बसवायचा? औरंगाबादचे इंजिनियर जहागीरदार म्हणाले बुधवारी बसवू. आबासाहेब म्हणाले, दसरा शुक्रवारी आहे, साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून बुधवार कशाला? झालं. दसऱ्याचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी सगळ्याच हत्यारांची पूजा. ऊस टाकायच्या गव्हाणीला, बॉयलरला, ट्रॅक्टरला, काट्याला झेंडूच्या माळा. घरच्या बायकाही प्रसादाला आल्या होत्या. बायनाबाई आता लेकाजवळ कारखान्याच्या वसाहतीतच राहायची; ती सून पारूबरोबर वैजीनाथच्या खोलीशी आली, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि हात जोडले. थंडगार अंधार, कुठं तरी बारीक घूं आवाज, हिरवा दिवा. गाभाऱ्यापेक्षा काय वेगळं होतं त्यात?

वैजीनाथनं मशिनच्या काचेच्या पडद्याला हळदकुंकवाचं बोट लावून घेतलं, फूल वर ठेवलं, नारळ बाहेर फोडला. पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून तो सगळ्यांना हळूच मागं सारत होता. एवढी काळजी घेतली आणि मग आबासाहेबांनी हाक मारली म्हणून बाहेर गेला. पारूही प्रसादाच्या पातेल्याकडं गेली. बायनाबाई एकटीच राहिली.

तिनं मशिनकडं नीट पाहिलं. वर कुंकू होतं, फूल होतं. पण घास? लेकाला ती फट दाखवताना तिनं पाहिलं होतं. टेप आत जाते, बाहेर येते, म्हणजे तोंड तेच. आपल्या पोराला पोसणारं हे धन, त्याला सणाच्या दिवशी कोरडं ठेवायचं? तिनं ताटातली चिमूटभर साखर घेतली, कारखान्याचीच साखर, त्यात दोनचार अक्षता आल्या, आणि फटीची पापणी बोटानं सारून तिनं तो घास आत घातला. मग कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली आणि प्रसादाला गेली.

दसऱ्याला जहागीरदार आले. मुहूर्तावर जुना कारभारी गेला, नवा बसला. पडद्यावर नवी अक्षरं उमटली, आबासाहेबांनी टाळी वाजवली. टेप वाचून बघायचं मात्र राहिलं. जहागीरदारांना घरी सोनं लुटायला पोचायचं होतं आणि परभणीची गाडी चुकली असती. सांगून गेले, टेप घाला, हुकूम द्या, सगळं परत येईल. वैजीनाथनंही म्हटलं, उद्या बघू. सणाच्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.

शनिवारी सकाळी त्यानं टेप घातली आणि हुकूम दिला. मशिन म्हणालं, टेपेचं यंत्रच जोडलेलं नाही.

त्यानं परत हुकूम दिला. परत तेच.

ही बातमी शेतकी ऑफिसात पोचायला चहाचा कप संपायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. किशनराव पहिल्यांदाच त्या खोलीच्या दाराशी येऊन थांबले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. ते म्हणाले, "म्हंजे आपला सगळा ऊस गेला म्हना की. काडी न लावता जळाला."

आबासाहेब हसले नाहीत. बॉयलर पेटवायचा दिवस जवळ आला होता, टोळ्या येऊन उतरायला लागल्या होत्या, आणि पाळ्यांचा तक्ता सोमवारी भिंतीवर लागणार असं गावोगाव सांगून झालं होतं. गटांच्या ऑफिसांत नोंदीचे कागद होते. पण ते गठ्ठे परत मशिनमधे घालायचे तर अर्धा हंगाम तिथंच सरला असता. ते वैजीनाथला म्हणाले, "सोमवारी तक्ता लागला पायजे. न्हाई लागला तर किशनराव हातानं लावतील, आन् ही खोली स्टोअरला देऊन टाकू. बारदानाला जागा न्हाईच. तुमी काट्यावर जा." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. दुपारी स्टोअरचा माणूस येऊन दोरीनं खोली मोजूनसुद्धा गेला.

वैजीनाथनं मनात म्हटलं, एका वेळी एकच नट. आबासाहेबांच्या टेबलावरून औरंगाबादला फोन लावला. जहागीरदारांनीही काही झटकलं नाही. जेवण सोडून फोनवर बसले. ते म्हणाले, जुन्या सिस्टीमला टेपेचं कार्ड कुठं बसलंय ते सांगून ठेवलेलं होतं, नवीला कोणी सांगितलं नाही. ती भलत्याच पत्त्यावर हाका मारत असणार. मशिन उघडा, कार्डावर बारक्या बारक्या टोप्या आहेत, त्या कोणत्या खुंट्यांवर आहेत ते मला सांगा.

फोन इकडं आणि मशिन तिकडं, मधे सगळं ऑफिस. वैजीनाथ जायचा, चपला काढायचा, बघायचा, चपला घालायचा, यायचा, सांगायचा. चारदोन खेपांनंतर त्यानं चपला घालणंच सोडलं आणि अनवाणी पळायला लागला. ऑफिसातले लोक फायली सोडून बघायला लागले. शिपाई व्यंकटीनं तर त्याच्यासाठी वाटेतल्या खुर्च्या बाजूला सारल्या. शेवटी टोप्यांचा मेळ लागला, जहागीरदारांनी नवा पत्ता सांगितला, तो सिस्टीमला सांगून वैजीनाथनं मशिन बंद करून परत चालू केलं. पडद्यावर आलं, टेपेचं यंत्र सापडलं.

व्यंकटीनं जाऊन ऑफिसात सांगितलंसुद्धा. पण वैजीनाथनं टेप सारली, हुकूम दिला, आणि मशिन म्हणालं, यंत्र आहे. यंत्रात टेप नाही.

टेप तर आत होती. काढली, घातली. काट्याची जुनी टेप घालून बघितली. तिलाही तेच उत्तर. म्हणजे टेप खोटी नव्हती, हे एक बरं कळलं. जहागीरदार फोनवर विचारात पडले. म्हणाले, हे सिस्टीमचं दुखणं दिसत नाही, यंत्रानं धूळ खाल्ली असेल. स्पिरिट आणि कापूस घेऊन आतून पुसा, नाहीच झालं तर मी मंगळवारी येतो. मंगळवार! त्यांना काय माहीत, सोमवारी खोलीत पोती पडणार होती.

दवाखाना रविवारी उघडला तेव्हा व्यंकटी स्पिरिटची बाटली घेऊन आला. वैजीनाथनं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि फटीतून आत फिरवून बाहेर काढला. कापूस लालभडक.

व्यंकटी दोन पावलं मागं सरला. "रगत आलं की ओ."

वैजीनाथनं दुसरा कापूस घातला. तोही लाल, आणि त्याला काहीतरी चिकटून खरखर करत होतं. तेव्हा त्यानं वरचं झाकण खोललं. टेप पूर्ण आत बसली की मागं एक इवलीशी कळ दाबली जाते, त्यावरून मशिनला कळतं की टेप आली. त्या कळीच्या बुडात, पाचर मारावी तसा, तांदळाचा दाणा रुतून बसला होता. कुंकवात रंगलेला. आजूबाजूला साखर विरघळून पाक झालेला.

त्यानं झाकण बाजूला ठेवलं. मग चिमट्यानं दाणा काढला, कागदाच्या कपट्यात गुंडाळला आणि घरी निघाला.

बायनाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. त्यानं कपटा उघडून तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "माय, हे तू घातलंस?"

"मीच घातलं," ती म्हणाली. "कामून?"

"मशिनमधी कुनी साखर घालतं का?"

"घालू न्हाई तर काय? बैलाला पोळी घालावं, कोयत्याला गोड लावावं, आन् ह्यानंच काय घोडं मारलं? तुम्ही समदे वरून फुलं टाकून गेलाव. त्याच्या तोंडाकडं कुनी बघितलं का?"

आत पारूनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. वैजीनाथला रागवायचं होतं. सकाळपासून त्यानं राग जमवून आणला होता, कोणाच्या तरी अंगावर ओतायला. पण म्हातारी त्याच्याकडं अशी बघत होती की रागवायचं कुठून सुरू करावं ते त्याला कळेना. त्यानं खाली बसून तिला सांगितलं की त्या दाण्यानं टेप अडली, सगळ्या गावांचा ऊस त्या टेपेत आहे, आणि ती चालली नाही तर उद्या तो काट्यावर जाईल. तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली आलं. तिनं पदर सारखा केला, चपला घातल्या आणि त्याच्या पुढं चालायला लागली.

खोलीच्या दाराशी किशनराव उभे होते. हातानं तक्ता लावायच्या तयारीनं ते रविवारचे आले होते, बगलेत तांबड्या फडक्यातले कागद. त्यांनी विचारलं, काय निघालं मग? नव्या सिस्टीमवर सगळं ढकलता आलं असतं. पहिला दोष तिचा होताच, दुसऱ्याचं कोणाला कळणार होतं? वैजीनाथनं कपटा उघडून दाखवला आणि जे होतं ते सांगितलं.

किशनराव दाण्यावर वाकले. मग म्हणाले, "साखर खाल्ली की आजारी पडतंय, आन् आपन त्याला साखर कारखान्यात ठिवलंय." एवढं बोलून ते जे हसत सुटले, ते भिंतीला हात टेकावा लागला त्यांना.

बायनाबाई आत आली नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि बोरीच्या मारुतीचं नाव घ्यायला लागली. वैजीनाथनं आतला पाक स्पिरिटानं पुसून काढला, पुसलं त्यापेक्षा जास्त वेळ वाळू दिलं, मग काट्याची टेप आधी घालून बघितली. ती वाचली गेली. तेव्हा कुठं त्यानं उसाची टेप उचलली. ती त्यानं हळूच आत सारली.

टेप सूं करून निघाली. पडद्यावर एकेका गावाचं नाव चढायला लागलं. गाव आलं की व्यंकटी मोठ्यानं वाचायचा, यात्रेत पालख्या आल्या की पुकारतात तसा, आणि बाहेर बायनाबाई प्रत्येक गावाला मान हलवायची. मधे टेप अडखळली, मागं गेली, खर्र आवाज करून पुन्हा पुढं आली. साखरेतून आतबाहेर सारताना कुठंतरी ओरखडा गेला असणार. तीनदा मागंपुढं झाली आणि ते गाव सोडून पुढच्या गावाला लागली. शेवटपर्यंत गेली. सगळी गावं आली. एक नाही आलं.

ते किशनरावांचं गाव होतं.

ते बायनाबाईच्या कानावर गेलं तशी ती उठून दारात आली. किशनरावांपुढं हात जोडून म्हणाली, "दादा, मपल्या हातानं झालं. तुमच्याच गावाला झालं."

किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माय, तुमी त्याला घास तरी घातला," ते म्हणाले. "आमी आल्या दिवसापासून शिव्याच घातल्या. कुनाचं काय लागलं, देवाला म्हाईत."

मग त्यांनी चपला काढल्या. बगलेतलं फडकं सोडलं. कागदांत त्यांच्या गावाचा गठ्ठा वरच होता. वैजीनाथच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक नाव वाचून द्यायला लागले: नाव, रान, जात, लावल्याची तारीख. वैजीनाथ बडवत गेला. ते नुसतं वाचत नव्हते, मधेमधे टीपही द्यायचे: ह्याचा ऊस लोळलाय, हा भावाशी बोलत न्हाई, हिच्या विहिरीचं पानी गोड. हे मशिनमधे घालायला जागा नाही असं वैजीनाथनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग अपुरंच हाय तुमचं मशिन. पण पडद्यावर आपल्या गावाची नावं एकाखाली एक लागलेली बघून ते वाचता वाचता पुढं झुकत गेले, आणि एकदा तर वैजीनाथ चुकला ते त्यांनीच काचेला बोट लावून दाखवलं. सूर्य मावळायच्या आत गाव पुरं झालं. बायनाबाई तोवर दाराशीच होती. पारूनं चहा आणला तेव्हा तिनं आधी खोलीकडं पाहिलं, मग स्वतःशीच मान हलवली आणि कप तोंडाला लावला.

सोमवारी तक्ता लागला. भिंतीपाशी ही गर्दी. प्रत्येक जण आपलं नाव शोधतोय, सापडलं की शेजाऱ्याचं शोधतोय. आबासाहेब जीपमधून उतरले, लांबूनच गर्दी बघितली आणि आपल्या खोलीत गेले. किशनरावांच्या गावचे एक शेतकरी तावातावानं पुढं आले. त्यांची पाळी शेजाऱ्याच्या मागं लागली होती. हे मशिन आंधळं हाय, ते म्हणाले, आमचा ऊस आगुदर लागला.

किशनराव पुढं झाले. "मशिनला काय बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "तुमची तारीख मी सवता वाचून घातलीय."

"मंग तुमचं चुकलं आसंल."

"मपलं चुकलं आसतं तर मशिननं सांगितलं आसतं."

ह्यावर दोघांची अशी जुंपली की बाकीचे तक्ता सोडून त्यांच्याभोवती जमले, आणि त्या खोलीसाठी बारदानाची पोती लादून आलेली स्टोअरची गाडी पार फाटकापाशीच अडून राहिली. गाडीवाल्यानं बराच वेळ वाट मागितली. कोणी हलेना. शेवटी त्यानं गाडी वळवली आणि पोती होती तिथंच परत नेली.